चावी फिरवली की फक्त 'टक्' आवाज येतो, हेडलाइट मात्र छान लागतात. बॅटरी बदलावी का?

लगेच नको. हेडलाइटला जेमतेम दहा अँपिअर लागतात, स्टार्टरला (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) शंभरच्या वर. त्यामुळे खराब जोडणीतूनही दिवे लागतात, पण स्टार्टर फिरत नाही.

आधी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे अर्धीच चार्ज, आधी चार्जिंग करा. मग गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (केबलच्या टोकाच्या क्लॅम्पवर, म्हणजे पकडीवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटीवर), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतच्या जोडणीत, दोष आहे. बहुतेक वेळा इंजिन-बॉडीमधली अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा तिचा बोल्ट ढिला असतो. तसंच पॉझिटिव्ह खुंटी ते स्टार्टरचा जाड बोल्ट मोजा, तिथे ०.५ पर्यंत चालतं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर १० चा पाना घेऊन आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, पॉलिश पेपरने चकचकीत घासा. जोडताना पॉझिटिव्ह आधी. व्हॅसलीन क्लॅम्प घट्ट केल्यावर वरून लावा. हाताने क्लॅम्प जरासुद्धा फिरता कामा नये.

केबल टोकाजवळ फुगलेली किंवा कडक झाली असेल तर आतलं तांबं सडलंय, बदलाच. दोन्ही बाजू ठीक, बॅटरीही भरलेली, तरी 'टक्'च येत असेल तर स्टार्टरचा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा विजेचा स्विच) किंवा कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) तपासायला द्या.