पाणी गेलं, तर आधी वेळ लिहा

प्रश्न : माझ्या सुनेला 31वा आठवडा चालू आहे. पहिलं बाळ 33व्या आठवड्यात झालं, श्वास घेता येईना म्हणून पेटीत ठेवावं लागलं. या वेळी आधीच काय करता येईल? आणि कळा वाढवायला घरी इंजेक्शन घेतलेलं चालतं का? — एक वाचक, अकोले

उत्तर : आजी, दिवस अपुरे असले की बाळाच्या फुप्फुसात ती उघडी ठेवणारा स्राव पुरेसा तयार झालेला नसतो. ती पिकावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देतात : 6 मिलिग्रॅम स्नायूत, दर 12 तासांनी, एकूण चार वेळा. पूर्ण गुण यायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून इथे तासांना किंमत आहे. मात्र ‘असू दे आधीच’ म्हणून ते घेऊ नये. 34 आठवड्यांच्या आत, प्रसूती आठवडाभरात होईल असं दिसलं तरच डॉक्टर देतात. आईला ताप किंवा पाण्याला दुर्गंधी असेल तर गर्भाशयात जंतुसंसर्गाची शंका येते, तेव्हा टाळतात.

लघवीची तपासणी या आठवड्यातच करून घ्या. लघवीतल्या संसर्गाने कळा लवकर सुरू होतात, आणि कधी कधी जळजळसुद्धा होत नाही.

पोट राहून राहून घट्ट होणं, कंबरेत कळ, रक्त किंवा पाणी जाणं, यातलं काहीही दिसलं की 108ला फोन करा. पाणी गेल्याची वेळ आणि रंग लिहून ठेवा. हिरवट असेल तर बाळाने पोटात शी केलेली असते. पाणी गेल्यापासून 18 तास उलटले की संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून घरी कुणालाही आतून तपासू देऊ नका.

कळांचं इंजेक्शन घरी अजिबात नको. दोन कळांमध्ये गर्भाशय सैल पडतं, तेव्हाच बाळाला पुरेसा प्राणवायू पोचतो. कळा वाढवणाऱ्या या इंजेक्शनने, म्हणजे ऑक्सिटोसिनने, ती उसंतच जाते. दवाखान्यात सलाइनमधून थेंब मोजून देतात, बाळाचे ठोके बिघडले तर लगेच बंद करता येतं. स्नायूत टोचलेलं परत काढता येत नाही. बाळ बाहेर आल्यावर आईचा रक्तस्राव रोखायला तेच 10 युनिट टोचतात, ते योग्यच.

नवजात अतिदक्षता कक्ष असलेलं रुग्णालय आत्ताच ठरवा. वाटेत प्राथमिक आरोग्य केंद्रात डेक्सामेथासोनचा पहिला डोस मिळाला, तर त्याची वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या. पुढचा डोस त्यावरूनच ठरतो.