शास्त्रज्ञांचं ऐकतं का कोणी?

प्रश्न: प्राण्यांबद्दलचे नियम करताना सरकार तज्ज्ञांना खरंच विचारतं, की नुसत्या कमिट्या बसतात?

उत्तर: ऐकतं हो, पण उशिरा. गिधाडांचंच बघा ना, नव्वदच्या दशकात भरतपूरला गिधाडं झपाट्यानं कमी होतायत हे मुंबईच्या बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, निसर्ग अभ्यासणारी संस्था) शास्त्रज्ञ विभू प्रकाश सांगत होते, पण कारण कळायला २००४ उजाडलं, तेव्हा गुरांना द्यायचे ते डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, ते दिलेलं ढोर मेल्यावर खाल्लं की गिधाडाच्या किडन्याच जातात. २००६ ला जनावरांसाठी बंदी आली, मेलॉक्सिकॅम या दुसऱ्या वेदनाशामकाचा सेफ पर्याय हाताशी होता म्हणून जमलं असं मला वाटतं. तरी माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅक इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचायच्याच (आपल्याकडे पळवाट नाही असं होतं का कधी!), त्यांना ३ मिलीची मर्यादा लागली ती थेट २०१५ ला.