कॅनन सोडून सोनी घ्यावा का, फक्त सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्ससाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हातात कॅनन २००डी, सोबत १८-५५, ५५-२५० आणि ५० एमएम एफ १.८ या लेन्स. आता मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्यायचाय, काम लग्नांचं आणि जमेल तसे पक्षी. निम्मे मित्र म्हणतात कॅनन सोडू नकोस, निम्मे म्हणतात सिग्मा-टॅमरॉनसारख्या इतर कंपन्यांच्या स्वस्त चांगल्या लेन्स हव्यात तर सोनीच.

आधी हिशेब करू. १८-५५ आणि ५५-२५० या दोन्ही ईएफ-एस, म्हणजे छोट्या सेन्सरच्या लेन्स. जुन्या बाजारात त्यांना फारसं कोणी विचारत नाही. त्यामुळे कॅनन सोडलात तर तुमचं फार काही जात नाही. तुमच्याकडे ईएफ ७०-२०० एफ २.८ एल (कॅननच्या महागड्या व्यावसायिक मालिकेतली) असती, तर मी डोळे मिटून ‘कॅननच घ्या’ म्हटलं असतं. ईएफ-ईओएस आर अ‍ॅडॉप्टर म्हणजे आत काच नसलेली २४ एमएमची नळी (माउंट म्हणजे लेन्स बसते ती कडी; तिथपासून सेन्सरपर्यंतचं अंतर जुन्या ईएफला ४४ एमएम, मिररलेसच्या आरएफला २०), आणि त्यावर कॅननच्या ईएफ लेन्स मूळच्यासारख्या चालतात.

कंपनीच्या नावापेक्षा माउंटचं नाव विचारायची सवय लावा. कॅननचा ईएफ-एम माउंट २०१२ मध्ये आला, एम५० वर तो आपल्याकडच्या व्लॉगवाल्यांच्या हातात दिसायचा, आणि २०२३ पर्यंत तो गुंडाळलाही गेला. त्या लेन्स नव्या आरएफ बॉडीवर अ‍ॅडॉप्टर लावूनही बसत नाहीत, कारण ईएफ-एमला १८ एमएम अंतर लागतं आणि आरएफमध्ये माउंटच २० वर आहे. लेन्स आणखी आत ढकलायला जागा नाही. १९८७ मध्ये ईएफ आला तेव्हा जुन्या एफडी माउंटवाल्यांची हीच गत झाली होती, अंतर ४२ वरून ४४. ग्राहक कंपनीशी एकनिष्ठ होता, कंपनी माउंटशी नव्हती.

आता थर्ड पार्टी, म्हणजे कॅमेरा कंपनी सोडून इतरांच्या लेन्सचं. सोनीने ई माउंटची मूलभूत माहिती २०११ मध्येच लेन्स बनवणाऱ्यांना विनाशुल्क खुली केली. म्हणून सिग्मा, टॅमरॉन, व्हिल्ट्रॉक्स, समयांग सगळे तिथे आहेत. निकॉन झेडला २०२२ पासून टॅमरॉन आणि २०२३ पासून सिग्मा परवान्याने आले. निवड कमी, पण रस्ता उघडा आहे. कॅननने उलट २०२२ मध्ये व्हिल्ट्रॉक्सला आरएफच्या ऑटोफोकस लेन्स थांबवायला लावल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये सिग्मा-टॅमरॉनला दार किलकिलं केलं, तेही फक्त एपीएस-सी, म्हणजे छोट्या सेन्सरच्या लेन्सपुरतं.

गोची इथेच होते. समजा तुम्ही कॅननचा एपीएस-सी आर१० घेतला आणि सिग्मा १८-५० एफ २.८ लावली. झकास जोडी, लेन्स जेमतेम ३०० ग्रॅमची. दोन वर्षांनी फुल फ्रेमचा (मोठ्या सेन्सरचा) आर६ मार्क २ घेतलात, तर ही लेन्स लावताच कॅमेरा १.६ क्रॉपमध्ये जातो, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतो, आणि २४ मेगापिक्सेलचे साडेनऊच्या आसपास उरतात. म्हणजे फुल फ्रेमला जाताना थर्ड पार्टी लेन्सचा सगळा संच विकायचा आणि कॅननच्याच लेन्स घ्यायच्या. पुढची पाच वर्षं एपीएस-सीवरच राहणार असाल, तर ही अडचणच नाही.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. सिग्मा १८-५० मध्ये स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा सावरणारी सोय) नाही. आर५० आणि आर१० च्या बॉडीतही नाही. फोटोत याचं फार वाईट वाटून घेऊ नका. मंडपात माणसं हलत असतात, शटर १/१२५ च्या खाली नेता येतच नाही. व्हिडिओत मात्र चालताना फ्रेम थरथरते, आणि डिजिटल स्टॅबिलायझेशन लावलं की कडा कापल्या जातात. बॉडीत स्टॅबिलायझेशन हवं असेल तर आर७ बघा.

सोनीकडेही सगळं मोफत नाही. ए९ आणि ए१ या महागड्या मालिकांत थर्ड पार्टी लेन्स लावली की वेग सेकंदाला १५ फ्रेमवर अडकतो. सोनीचे टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारी जोडकाच) या लेन्सवर चालत नाहीत, व्हिडिओतलं ब्रीदिंग कॉम्पेन्सेशनही (फोकस बदलताना फ्रेम लहान-मोठी होते ते सावरणं) फक्त सोनीच्याच ठरावीक लेन्सना. लग्नाच्या कामात यातलं एकही आडवं येत नाही. उडत्या पक्ष्यांना येतं, पण ते ए१ च्या बजेटवाल्यांचं दुखणं.

लेन्स कुठलीही घ्या, मुंबईच्या बोरा बाजारात घ्या नाहीतर गावातल्या दुकानात, काउंटर सोडण्याआधी एक चाचणी कराच. पेपरातलं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला सपाट चिकटवा, कॅमेरा त्याच्या बरोबर समोर स्टँडवर, छिद्र पूर्ण उघडं, दोन सेकंदांचा टायमर. मग चारही कोपरे मोठे करून बघा. कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असणारच. पण तीन कोपऱ्यांत शिरोरेषा एकसंध आणि चौथ्यात ती पुसट, दुहेरी दिसली, तर आतली काच तिरपी बसलेली असू शकते. कॅमेरा सरळ होता ना, हे एकदा पुन्हा लावून तपासा. तसंच आलं तर दुसरा नग मागा. झूम असेल तर दोन्ही टोकांना हेच करा. नंतर बॉडी आठ-दहा वेळा बंद-चालू करा आणि लेन्स हलकेच हलवा. छिद्राचा आकडा गायब झाला तर संपर्काच्या पिना नीट टेकत नाहीत. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी त्यावरच मिळते.

फर्मवेअरचं (कॅमेरा-लेन्सच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) एक पथ्य: बॉडीचं नवं फर्मवेअर आलं की त्याच रात्री चढवू नका, ऐन लग्नसराईत तर नाहीच. लेन्स कंपनीची सूचना येऊ द्या. टॅमरॉन २८-७५ जी२ सारख्या लेन्सवर टाइप-सी खाच असते, ती थेट लॅपटॉपला जोडायची. केबल डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलवर लेन्स दिसतच नाही आणि लोक लेन्सला दोष देतात. सिग्माच्या ई माउंट लेन्सचं अपडेट बॉडीतूनच चढतं, तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर: पोट लग्नांवर भरणार असेल, तर सोनीचा फुल फ्रेम सेकंडहँड ए७ थ्री आणि टॅमरॉन २८-७५ जी२ (५४० ग्रॅम, ६७ एमएम फिल्टर), पुढे पक्ष्यांसाठी टॅमरॉन ५०-४००. पक्षी आधी आणि लग्नं अधूनमधून असतील, तर आर७, कॅननची आरएफ १००-४०० आणि सिग्मा १८-५०. अ‍ॅडॉप्टर घेतलात तर तुमची ५५-२५० आणि ५० एमएमही त्यावर चालतील, विकायची घाई नको.