थोरले गाव लाडेनबुर्ग

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीत मानहाइमला असते. येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघे महिनाभर तिच्याकडे राहणार आहोत. हायडेलबर्गचा किल्ला पाहायचा आहेच; पण सावकाश फिरता येईल असे जवळचे एखादे लहान गाव सुचवाल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण लाडेनबुर्गला अवश्य जावे. मानहाइम आणि हायडेलबर्ग यांच्या मधोमध, नेकार नदीच्या उजव्या तीरावर वसलेले हे गाव मुलीच्या घरापासून आगगाडीने जेमतेम पाव तासावर आहे. वस्ती सुमारे बारा हजारांची. वयाने मात्र ते या दोन्ही शहरांपेक्षा कितीतरी थोरले. मानहाइमला शहराचा दर्जा मिळाला १६०७ मध्ये, तर येथे इ. स. ९८ च्या सुमारास, सम्राट ट्रेजनच्या कारकिर्दीत, लोपोडुनम हे रोमन नगर उभे राहिले होते. आजचे सेंट गॅलस चर्च त्या नगरातील भव्य रोमन सभागृहाच्या पायावरच बांधलेले आहे, म्हणून ते केवळ बाहेरून पाहून परतू नये. वोर्म्सच्या बिशपांच्या जुन्या वाड्यात आता संग्रहालय असून, उत्खननात सापडलेल्या रोमन वस्तू तेथे निवांत पाहता येतात.

मानहाइमच्या पटावर आखल्यासारख्या सरळ रस्त्यांची सवय झालेल्या डोळ्यांना येथील वळणावळणाच्या गल्ल्या फार सुखावतात. दुतर्फा जुनी घरे आहेत. त्यांच्या भिंतींतील काळपट तुळया उभ्या-आडव्या-तिरप्या स्पष्ट दिसतात आणि मधली जागा लिंपून पांढरी केलेली असते. चौकातील कारंज्यापाशी घटकाभर बसावे. रस्ते दगडी फरशीचे असल्याने पायांत मऊ तळव्याचे बूट असू द्यावेत.

मोटारगाडीचे जनक कार्ल बेंझ यांनी आयुष्याची अखेरची वर्षे येथेच काढली आणि १९२९ मध्ये येथेच देह ठेवला. त्यांच्या जुन्या कारखान्यात मोटारींचे संग्रहालय आहे. माझ्या मते तेथे खरे स्मरण व्हायला हवे ते त्यांच्या पत्नी बर्था यांचे. ऑगस्ट १८८८ मध्ये दोन मुलांना घेऊन त्या तीन चाकांच्या गाडीतून मानहाइमहून माहेरी, फोर्त्सहाइमला गेल्या. वाटेत इंधन संपत आले तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन हे पेट्रोलसारखे द्रावण विकत घेतले, आणि गाडी दूरवर चालते हे जगाला दिसले.

संग्रहालये रोज उघडी नसतात, तेव्हा मुलीकडून वेळा आधी पाहून घ्याव्यात.