रिपोर्टमध्ये एफटीओ आलंय, कॅन्सरची भीती बाळगायची का?

प्रश्न: आरएनए मिथायलेशनच्या, म्हणजे जीनच्या आरएनए नावाच्या प्रतीवर रासायनिक खुणा लावण्या-पुसण्याच्या, जीन्समुळे कॅन्सर होतो असं हल्ली खूप वाचण्यात येतंय. माझ्या जेनेटिक रिपोर्टमध्ये एफटीओचा 'रिस्क व्हेरियंट' (धोक्याशी जोडलेला जन्मजात बदल) आलाय आणि तो जीनही त्याच यादीत आहे म्हणे. मी काय समजू?

उत्तर: आधी टेन्शन सोडा, कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिपोर्टमधला व्हेरियंट वजनाशी जोडलेला आहे, एफटीओचं नाव २००७ मध्ये पुढे आलं तेच मुळी लठ्ठपणावरून, आणि तो बदल असतो इन्ट्रॉनमध्ये (जीनच्या प्रोटीन न बनवणाऱ्या तुकड्यात), म्हणजे प्रोटीनची रचना त्याने बदलत नाही. (वजन खूप वाढलं तर काही कॅन्सरचा धोका वाढतो हे खरं, पण तो विषय निराळा.)

आता मिथायलेशन. पेशीत आरएनएवर एम-सिक्स-ए नावाची बारीक खूण असते, १९७४ पासून माहीत असलेली. मेटल-थ्री आणि मेटल-फोर्टीन ही प्रोटीन्स मिळून ती लावतात, एफटीओ आणि एएलकेबीएच-फाइव्ह पुसतात, आणि प्रोटीन्सची तिसरी एक टोळी ती वाचून ठरवते की या आरएनएचं काय करायचं. या टोळीतल्या वायटीएचडीएफ-टूने ती वाचली तर आरएनए लवकर नष्ट होतो, आयजीएफ-टू-बीपीने वाचली तर उलट टिकतो! म्हणून 'मिथायलेशन वाढलं की कॅन्सर' असं सरळ गणित बसतच नाही. अक्यूट मायलॉइड ल्युकेमियात (रक्ताचा एक कॅन्सर) मेटल-थ्री वाढलेलं असतं आणि पेशींना परिपक्व होऊ देत नाही, पण त्याच कॅन्सरच्या काही प्रकारांत खूण पुसणारा एफटीओही वाढलेला सापडला (२०१७), आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये तर बऱ्याच गाठींत ही खूणच कमी झालेली दिसते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरवर तर एकमेकांच्या विरुद्ध निष्कर्षांचे पेपर आहेत.

आणि हे सगळं गाठीतल्या पेशींबद्दल आहे, जन्मजात व्हेरियंटबद्दल नाही. पब्लिक डेटा घेऊन 'अमुक जीन्सचा रिस्क स्कोअर' काढणारे पेपर ढिगाने येतात, त्यातले बरेचसे मला तरी आकडेमोडीचा खेळच वाटतात, त्यांच्यावरून स्वतःबद्दल काही ठरवू नका.

खरी गंमत औषधात आहे. मेटल-थ्री अडवणाऱ्या रेणूने उंदरांमधला ल्युकेमिया आटोक्यात आल्याचं २०२१ मध्ये दिसलं, पुढे तशाच एका औषधाच्या माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या. पण निरोगी माणसाने यासाठी करून घ्यावी अशी टेस्ट नाही. घरात कमी वयात कॅन्सर झालेले नातेवाईक असतील तर डॉक्टरांना बीआरसीएसारख्या (ज्यातल्या जन्मजात बदलांनी स्तन, अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) जीन्सबद्दल विचारा, एफटीओबद्दल नको.