तो आळस नाही, एवढं आधी ऐक

सुट्टीवरून परत आलास तरी लॅपटॉप उघडवत नाही म्हणालास. त्याला आळस म्हणू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या न संपणाऱ्या ताणातून येणारी अवस्था म्हणून: अंगातलं बळ संपणं, कामाबद्दल तुटकपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं.

यातलं तिसरं लक्षण फार फसवं असतं. मी हिंजवडीत आयटी कंपनीत होतो तेव्हा दिवसभर काम, रात्री साडेनऊला अमेरिकेचा कॉल, शिवाय ऑन-कॉल, म्हणजे रात्री सिस्टीमचा अलर्ट वाजला की उठून बघायची पाळी. माझा कोड तपासताना सहकाऱ्याने लिहिलेली साधी कॉमेंट वाचूनही डोळे भरून यायचे. मला कोडिंग जमतच नाही, असं वर्षभर वाटत राहिलं. प्रत्यक्षात माझी झोप मोडली होती.

म्हणून आधी दोन आठवडे लिहून ठेव: रात्री किती वेळा अलर्ट वाजला, त्यातले खरे किती, किती वाजता झोपलास. तो कागद घेऊन मॅनेजरकडे जा. ‘थकलोय’ म्हटलं की धीर मिळतो. ‘चौदा रात्रींत नऊ वेळा उठलो’ म्हटलं की पाळीपत्रक बदलतं. मागणीही नेमकी ठेव, म्हणजे फालतू अलर्ट बंद, जागरणानंतर सकाळी सूट. नोकरी बदलायचा निर्णय मात्र झोप भरल्यावरच घे.

आणि जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर थांबू नकोस रे. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असते. मराठीतही बोलता येतं.