'कामगाराला समज दिली'

ब्लो होलमुळे (ओतीव भागात गॅसने पडणारी पोकळी) कास्टिंग परत येतं, डेबिट नोट (पैसे कापल्याची चिठ्ठी) येते. दर वेळी 8डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत लिहायचा कागद) देतो, ग्राहक तो मान्यही करतो. तरी दोष पुन्हा येतोच. (फाउंड्री, शिरोली)

रिपोर्टमध्ये 'कामगाराला समज दिली' असं लिहिलंय का? माझी पैज आहे, लिहिलंय. मीही असल्या कागदांवर सह्या केल्यात. ब्लो होल येतो साच्याच्या वाळूतल्या ओलाव्यातून, नाहीतर कोअरमधला, म्हणजे साच्यात ठेवलेल्या गाभ्यातला, गॅस अडकल्यामुळे. ओलावा मीटरने मोजता की मूठभर वाळू दाबून? साचा बनवणाऱ्या जुन्या मोल्डरची मूठ खोटं बोलत नाही, पण तो गावच्या जत्रेला गेला की ती मूठही त्याच्याबरोबर जाते. आधी रिजेक्शन रजिस्टर काढा आणि दोष पावसाळ्यात वाढतो का ते बघा. 8डीची सातवी पायरी 'पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं' याची असते. ओलाव्याची मर्यादा, मोजायची वेळ, गॅस बाहेर सोडणाऱ्या व्हेंटची जागा, यातलं काहीच तिथे बदललं नसेल, तर बाकीचं नुसतं टायपिंग.

ग्राहकाची माणसं सुधारणेसाठी शॉपवर यायचं म्हणतात. खरी कॉस्ट कळली की भाव पाडतील ना? (प्रेस शॉप, चाकण)

पाडतील, अशी शक्यता धराच. टोयोटाचे पुरवठादार 1970च्या दशकापासून 'जिशुकेन' (मिळून अभ्यास करणाऱ्या) गटांत एकमेकांच्या कारखान्यात जाऊन काम सुधारतात, पण थेट स्पर्धक शक्यतो एका गटात नसतात. तुम्हीही सगळं उघडं करू नका, एकच लाइन दाखवा. वाचलेल्या पैशात तुमचा वाटा किती, ते त्याआधी लेखी घ्या.

एकाच व्हेंडरकडून भाग घेणं शहाणपणाचं आहे का? (सातपूर)

1 फेब्रुवारी 1997ला जपानमधल्या कारिया इथे टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिनचा कारखाना जळाला. टोयोटाचे जवळपास सगळे पी-व्हॉल्व्ह तिथेच बनत. मागची चाकं लॉक होऊ नयेत म्हणून ब्रेकमध्ये असतो तो छोटा भाग. साठा इतका तुटपुंजा की टोयोटाच्या गाड्यांचं उत्पादन ठप्प झालं. मग आयसिनने ड्रॉइंग वाटली आणि कितीतरी कंपन्यांनी आपापल्या मशिनवर व्हॉल्व्ह बनवायला घेतले. त्यात शिलाई मशिनवाली ब्रदरसुद्धा होती! आठवड्याभरात गाडी बरीचशी रुळावर आली. म्हणजे व्हेंडर एकच होता, पण ड्रॉइंग वाचून जुळवून घेणारे हात आजूबाजूला पुष्कळ होते.

तुमच्या त्या भागाचं शेवटच्या दुरुस्तीसकटचं ड्रॉइंग तुमच्याकडे आहे, की व्हेंडरच्या सेटरच्या वहीत? वहीत असेल, तर दुसरा व्हेंडर शोधण्याआधी ते मागवून घ्या.